दीपा मॅडमची सागवानी पेटी

मी एक जुनी उबवणी पेटी आहे. अंगानं सागवानी, पोटातून पत्र्याची, आणि पुढं काचेची एक लहानशी खिडकी. कोंबडी अंड्यांवर बसून त्यांना जी ऊब देते, तीच ऊब विजेच्या दिव्यानं द्यायची, एवढं माझं काम. पण मित्रांनो, माझ्या पोटातून पिल्लं निघाली आणि अंगणात दाणे टिपत फिरली, असं फारसं कधी झालं नाही. माझ्यातली अंडी शिकण्यासाठी असायची. ती ठेवणाऱ्या दीपा मॅडमच्या आयुष्यात जे घडलं, तेच माझ्याही आयुष्यात घडलं. म्हणून माझी गोष्ट सांगायची तर त्यांची सांगावी लागते.

डॉक्टर दीपा आडे पुसदच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागल्या, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. त्या दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषा त्या लहानपणापासून सांभाळत आल्या होत्या. त्यांचा विषय भ्रूणविज्ञान. अंड्यातल्या थेंबभर जिवाला डोळे कसे येतात, पंख कसे फुटतात, पाठीचा कणा सरळ रेषेत कसा घडतो, हे शोधून काढायचं शास्त्र. पण त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं काय? औषधी पाण्यात बुडवलेले, रंग उडालेले बेडूक आणि एक हात तुटलेला हाडांचा सापळा. उबवणी यंत्रासाठी मॅडमनी अर्ज केला. अर्ज कपाटात गेला आणि कपाटातच राहिला.

मग त्या अमरसिंग मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री नात्यानं त्यांचे काका लागायचे. मॅडमनी कागदावर माझं चित्र काढून दाखवलं. काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"पोरी, कोंबडीचं काम लाकडाले कायले सांगून राह्यली तू?"

"काका, कोंबडी मले आत पाहू देत नाही ना."

काका हसले आणि कामाला लागले. त्यांनी जुन्या दाराचं सागवान घेतलं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माझ्या भिंती दुहेरी केल्या आणि मधल्या पोकळीत करवतीखालचा भुसा ठासून ठासून भरला. बंद पडलेल्या एका कुक्कुटपालनातून मॅडमनी तापमान राखणारं यंत्र आणलं. आत दिवा, खाली पाण्याची थाळी, वर अंड्यांची जाळी. पहिल्यांदा माझा दिवा लागला तेव्हा मॅडम हात आत घालून किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या. कुणी आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून पाहतं ना, तशा.

सुरुवातीची वर्षं साधी गेली. मॅडम अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायच्या आणि विद्यार्थ्यांना आतला जीव दाखवायच्या. उबेत ठेवलेल्या अंड्यात दुसऱ्या दिवशी एक लाल ठिपका हलायला लागतो. ते हृदय. ते पाहिल्यावर वात्रट मुलंसुद्धा गप्प व्हायची.

एका हिवाळ्यात गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी आली. माझ्या भुशानं ऊब धरून ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण शेवटी मीही गार पडले. मॅडमनी अंडी बाहेर काढली. आता ही टाकून द्यायची, असं म्हणत त्यांनी एक उघडलं. लाल ठिपका निश्चल होता. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, दिवा जवळ ओढला आणि कशासाठी तरी मागं वळून पाहिलं. परत डोळा लावला तर ठिपका एकदा थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मग चालू लागला.

"अरे, जिता हाय हे!" त्या एकट्याच मोठ्यानं बोलल्या. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. मीच होते.

त्या दिवसापासून त्यांना एका प्रश्नानं धरलं. वाढता वाढता जीव थांबला आणि मग पुन्हा वाढू लागला, तर मधल्या त्या थांबण्याची काही खूण राहते का? मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांमध्ये वीज जात नाही, त्यामुळे हा प्रश्न तिथं कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. पुसदला तो आपल्या पायानं चालत आला होता.

त्याच सुमारास जमनी आली. जमनी टेकाम ही राळेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची मुलगी. पोड म्हणजे कोलामांची लहानशी वस्ती. तिच्या पोडावरून एमएस्सीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मॅडमकडे ती पीएचडी करायला लागली. बोलणं कमी, हात स्थिर. अंड्यातल्या भ्रूणाच्या पाठीवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, इवल्याशा ठोकळ्यांच्या जोड्या एकामागून एक तयार होतात. शास्त्रात त्यांना कायखंड म्हणतात. त्यांचेच पुढे मणके होतात. जमनी ते ठोकळे मोजायची. मोजताना ती कोलामीत पुटपुटायची. त्यावर मॅडमना हसू यायचं, कारण त्या स्वतः इतकी वर्षं इंग्रजीत शिकवूनही मोजायच्या गोरबोलीतच.

प्रयोग असा असायचा. माझा दिवा बंद करायचा, आत बर्फाची भांडी ठेवायची आणि दार लावून घ्यायचं. अंडी पुरती गार झाली की भांडी काढून दिवा पुन्हा लावायचा. काही दिवसांनी जमनी अंडी उघडायची. पुष्कळ अंड्यांमध्ये तिला एका बाजूचे दोन ठोकळे एकमेकांना चिकटलेले दिसायचे, नाहीतर एका बाजूला एक कमी भरायचा. ती अंडी आणखी वाढवली की पाठीचा कणा वाकडा यायचा. एकदा तिनं मॅडमना हाक मारली.

"म्याडम, पाहा ना. जागा तीच हाय. थंडी दिली तवा जो ठोकळा होऊन राह्यला होता, थोच बिघडला."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग त्या खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला की भीती वाटली, हे मला कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

त्यांचा लेख परदेशातल्या एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. थंडीनं भ्रूणाच्या वाढीचं घड्याळ चुकतं आणि ती चूक कण्यावर कायमची कोरली जाते, असं त्यात मांडलं होतं. संशोधनाच्या जगात शाबासकीची रीत वेगळी असते. दुसऱ्या संशोधकानं आपल्या लेखात तुमच्या कामाचा आधार घेतला, की ती शाबासकी. मॅडमच्या लेखाचा आधार जपानमधल्या लोकांनी घेतला, जर्मनीतल्यांनी घेतला, आपल्याकडच्या थोरामोठ्यांनी घेतला. परिषदांची बोलावणी येऊ लागली. कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. प्राचार्यांनी उत्साहाच्या भरात एक हार माझ्याही गळ्यात, म्हणजे दाराच्या कडीला, अडकवला. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. त्यात मॅडम आणि मी होतो. जमनी नव्हती. फोटो तिनंच काढला होता.

पुढची दोन-तीन वर्षं माझ्या भरभराटीची होती. माझी काच रोज पुसली जायची. बाहेरगावचे लोक मला पाहायला यायचे आणि "याच पेटीत का?" असं विचारायचे. दीपा मॅडम बाहेर कुठं भाषणाला गेल्या, तर आल्या आल्या आधी माझं तापमान बघायच्या, मग पर्स खाली ठेवायच्या.

मग पुण्याहून तो लेख आला.

पुण्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेनं मॅडमचाच प्रयोग करून पाहिला होता. अंडी त्याच जातीची, थंडी तितकीच. आणि त्यांच्या भ्रूणांचे कणे सगळे सरळ आले होते. त्यांनी कुठंही उणा शब्द लिहिला नव्हता. आम्हाला हा परिणाम दिसला नाही, इतकंच म्हटलं होतं. मॅडमनी तो लेख उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

"असं कसं होईल?" त्या म्हणाल्या. त्यांनी आणि जमनीनं नव्यानं अंडी लावली. मोजणी जमनीनंच केली, आणि माझ्या पोटात कणे पुन्हा वाकडेच आले. पण आता ते पाहून कुणाला आनंद झाला नाही.

इंटरनेटवर कुणीतरी नाव न सांगता लिहिलं की, पुसदच्या त्या आकड्यांवर विश्वास ठेवणं अवघड आहे, ते फार सोयीचे दिसतात. ज्यांनी मॅडमच्या कामाचा आधार घेतला होता, तेही बोलेनासे झाले. दोन परिषदांनी बोलावणं मागं घेतलं. विद्यापीठानं चौकशी लावली आणि ती संपेपर्यंत मॅडमची मार्गदर्शक म्हणून मान्यता थांबवली. म्हणजे जमनीचा प्रबंध जिथं होता तिथंच अडकला.

एके दुपारी प्राचार्य प्रयोगशाळेत आले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, तुमच्याबद्दल कुणाला शंका नाही. पण ठोकळे मोजले कोणी? त्या पोडावरच्या पोरीनंच ना? तसं लिहून द्या. विद्यार्थिनीकडून हलगर्जी झाली म्हणा. तुमचं नाव वाचेल, कॉलेजचंही वाचेल."

"सर, मीही तांड्यावरचीच पोरगी आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर असं पुन्हा बोलू नका."

प्राचार्य निघून गेले. त्या क्षणी मला मॅडमचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! पण मित्रांनो, माणसाच्या मनात शब्द कसा शिरतो, ते माणसालाही कळत नाही. हुसकावून लावलेला तो प्रश्न गेला नव्हता. मॅडम रोज जमनीचे हात बघू लागल्या. तिनं अंडं उघडलं की शेजारचा रिकामा स्टूल सोडून मागं येऊन उभ्या राहायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या. जमनीला ते कळत होतं. तिचं पुटपुटणं थांबलं.

आणि एक दिवस, वर्गाचं प्रॅक्टिकल चालू असताना, त्यांनी विचारलंच.

"जमनी, खरं सांग. तू सगळी अंडी उघडून मोजली होती ना? की काही अंदाजानं लिवलं?"

जमनीच्या हातात चिमटा होता. तिनं मॅडमकडं पाहिलं.

"म्याडम, तुमी बी?"

एवढंच ती म्हणाली. चिमटा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला टांगला. मग माझ्याजवळ आली, पाण्याची थाळी अर्धी झाली होती ती भरली, आणि गेली. मॅडमनी हाक मारली, पण ती हाक दारापर्यंतही पोचली नाही, इतकी हलकी होती.

जमनी परत आली नाही. मॅडमनी फोन केले, तिनं उचलले नाहीत. नंतर कुणाकडून तरी कळलं की ती राळेगावकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते.

माझे दिवसही फिरले. चौकशीसाठी आलेल्या माणसांनी मला उघडून पाहिलं, लाकडावर टिचकी मारली आणि एकमेकांकडं बघून हसले. "यात संशोधन?" एकजण म्हणाला. ते गेल्यावर माझी वायर काढली गेली. शिपायांनी मला उचलून अडगळीच्या खोलीत नेलं. तिथं खेळाच्या फाटक्या गाद्या होत्या, मोडकी बाकं होती. उंदरांनी माझी वायर कुरतडली. एक मुंगळ्यांची रांग माझ्या काचेवरून रोज जायची. ऊब देणं ज्याचं काम, त्यानं महिनोन्‌महिने गार पडून राहायचं, ही काय शिक्षा आहे, हे मी कुणाला सांगणार?

मॅडम कधीकधी त्या खोलीत यायच्या. काही शोधायला आल्यासारखं करायच्या आणि माझ्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या. त्या वाळल्या होत्या. वर्गात शिकवायच्या, घरी जायच्या. अंडं त्यांनी पुन्हा हातात धरलं नव्हतं.

एकदा मात्र त्या आल्या त्या हातात फोन घेऊनच. पुण्याच्या संस्थेतले सर पलीकडून बोलत होते. त्यांनाही हा गुंता स्वस्थ बसू देत नव्हता. आमच्याकडची दोन माणसं पुसदला पाठवू का, असं ते विचारत होते.

"नको," मॅडम म्हणाल्या. "मीच येते. माझी पेटी घेऊन."

मॅडमचा भाऊ फुलसिंग पिकअप गाडी चालवायचा. त्यानं मला गोधडीत गुंडाळलं, दोरीनं आवळलं आणि कापसाची गाठ न्यावी तसं नेलं. नवी वायर घातली होती, काच पुसली होती. रस्त्यात गाडी थांबली की लोक विचारायचे, आत काय आहे? फुलसिंग म्हणायचा, "बहिणीची इज्जत हाय." मॅडम त्याच्यावर रागवायच्या. पण त्यानं थट्टा केली नव्हती.

पुण्याची ती प्रयोगशाळा इतकी स्वच्छ होती की मला माझ्या अंगावरच्या ओरखड्यांची लाज वाटली. तिथलं उबवणी यंत्र चकचकीत पोलादाचं. त्याच्या पोटात पंखा, बाहेर बटणं. ते स्वतःच थंड व्हायचं, स्वतःच गरम व्हायचं. मला त्याच्या शेजारी ठेवलं. तिथली तरुण मुलं-मुली माझ्याभोवती जमली. कुणी हसलं नाही. सरांनी त्यांना आधीच बजावलं असावं.

एकाच ठिकाणची अंडी आणली. अर्धी त्या यंत्रात, अर्धी माझ्यात. दोन्हींना सारखीच थंडी दिली, मग दोन्हींना ऊब. अंडी उघडायचा दिवस आला. कुठली अंडी कशातली हे मोजणाऱ्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. मोजून झाल्यावर खुणा जुळवल्या. पोलादी यंत्रातले कणे सरळ होते. माझ्यातले वाकडे.

मग सर म्हणाले, "म्हणजे तुम्हीही खऱ्या आणि आम्हीही खरे. आता हे असं का, ते शोधायचं."

लाकडाच्या वासानं होत असेल का? पोलादी यंत्रात सागाच्या ढलप्या ठेवून पाहिल्या. कणे सरळ. माझ्या दिव्याच्या उजेडानं? काळ्या कापडानं अंडी झाकली. कणे वाकडे. हवेतल्या ओलाव्यानं? तेही नाही. दिवस जात होते. कॉलेजातून मॅडमना रजा संपल्याचे निरोप येत होते.

मग एका सकाळी, बर्फाची भांडी काढून माझा दिवा लावल्यावर, मॅडमनी सवयीनं हात आत घातला. हवा कोमट होऊ लागली होती. त्यांनी बोटं माझ्या भिंतीला लावली आणि तशीच ठेवली.

"सर, इकडं या," त्या म्हणाल्या. "भिंत अजून गार आहे."

भिंतीतला भुसा, मित्रांनो. अमरसिंग काकांनी ऊब धरून ठेवायला घातलेला भुसा थंडीही तशीच धरून ठेवायचा. दिवा लागला तरी आधी भिंती सगळी ऊब पिऊन घ्यायच्या आणि अंड्यांपर्यंत ती हळूहळू, रेंगाळत पोचायची. पोलादी यंत्र मात्र बटण दाबलं की झटक्यात गरम व्हायचं. सरांनी आपलं यंत्र मुद्दाम हळूहळू गरम होईल असं लावलं. पुन्हा अंडी, पुन्हा वाट पाहणं. आणि या वेळी त्या चकचकीत यंत्रातूनही वाकडे कणे निघाले.

बिघाड थंडीनं होत नव्हता. थंडीत जीव पुरता थांबायचा आणि त्यात त्याला काही इजा नव्हती. इजा व्हायची ती परत येताना, ना धड गार ना धड गरम अशा अवस्थेत फार वेळ राहिल्यानं. तेव्हा शरीराचा एक भाग वाढू लागायचा आणि दुसरा अजून झोपेत असायचा.

"तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं," सर म्हणाले.

"आणि निष्कर्ष चुकीचा होता," मॅडम म्हणाल्या. "थंडीनं होतं असं मी जगाला सांगितलं. ते चूक." त्या स्टुलावर बसल्या. आजूबाजूला उभ्या असलेल्या त्या अनोळखी मुलामुलींकडं बघून त्या म्हणाल्या, "जमनीनं बरोबर मोजलं होतं."

जमनी कोण, हे तिथं कुणालाही माहीत नव्हतं.

आम्ही पुसदला परतलो. मॅडमनी जुन्या लेखाची दुरुस्ती स्वतःच्या हातानं लिहून पाठवली. लपवाछपवी केली नाही. नवा लेख पुण्याच्या लोकांबरोबर लिहिला आणि त्यात पहिलं नाव जमनीचं घालायचं ठरवलं. त्यासाठी तिची संमती लागणार होती. त्यांनी पुण्याच्या सरांकडून निरोप पाठवला, तेव्हा कुठं जमनीचा फोन आला. मॅडमनी सगळं सांगितलं.

"नाव टाका म्याडम," जमनी म्हणाली. "काम माहं हाय. पण पीएचडीले मी येत नाही."

"चौकशी संपली, जमनी. मान्यता परत मिळाली. मुदत वाढवून घेऊ."

"मुदतीचं नाही म्हणून राह्यली मी."

मग जमनीच विषय बदलत म्हणाली, "पेटी काय करता आता? कालेजात नवी येऊन राह्यली म्हणते. जुनी टाकून द्याची असन तं आमच्या शाळेले द्या."

नवा लेख छापून आला. आता पुष्कळ संशोधक त्याचा आधार घेतात. अंडी थंड ठेवून मग उबवणारे लोकही ऊब कशी द्यायची ते त्यात पाहतात, असं मी ऐकलं. मॅडमच्या पहिल्या लेखाखाली मात्र आता कायमची एक ओळ आहे, की यातला निष्कर्ष लेखिकेनं मागं घेतला आहे. कॉलेज पुन्हा सत्कार करायला निघालं होतं. मॅडमनी नको म्हटलं.

फुलसिंगनं मला पुन्हा गोधडीत गुंडाळलं. या वेळी रस्ता राळेगावकडचा होता, दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी आणि सोयाबीन. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात मला उतरवलं तेव्हा मधली सुट्टी होती. मुलं धावत आली. जमनी वर्गातून बाहेर आली. साडी नेसली होती, हाताला खडू लागला होता. तिनं मॅडमना वाकून नमस्कार केला नाही. हात जोडले.

मॅडम तिला माझ्या बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "जमनी, चुकलं माझं."

जमनी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्याडम, तुमी इचारलं ना मले, तवा प्रॅक्टिकल चालू होतं. समदे पोरंपोरी होते. समद्यायनं आयकलं. माफी मातर तुमी कानात मांगून राह्यल्या."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या वळल्या आणि व्हरांड्यातल्या मुलांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक चहाचं सांगायला निघाले होते, तेही थांबले.

"पोरांनो," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, "ही तुमची जमनी मॅडम माझ्याकडं शिकत होती. हिनं खरं मोजलं होतं. आणि मी हिच्यावर संशय घेतला. चारचौघात घेतला. हिची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती."

मुलांना काही कळलं, काही नाही. पुढं उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मंग तुमी सोता मोजून काहून नाही पाह्यलं?"



"चहा घ्या म्याडम," जमनी म्हणाली. तिनं स्टुलावरचे पेपर उचलले आणि मॅडमना बसायला जागा केली. झालं गेलं विसरा, असं ती म्हणाली नाही. पण मॅडम चहा पीत होत्या तोवर ती त्यांच्याजवळ उभी होती, आणि जाताना फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. गाडी गेल्यावरही जमनी थोडा वेळ तिथंच उभी होती.

तेव्हापासून मी इथं, तुमच्या शाळेत आहे. माझं सागवान अजून पक्कं आहे. काच तडकली आहे, ती चालेल. पाण्याची थाळी कोरडी पडू देऊ नका, वायरजवळ खाऊचे कण सांडू नका, उंदीर येतात. आणि आत अंडी असताना उगाच दार उघडू नका. प्रत्येक जुनी वस्तू मला जपा म्हणते, तशी मीही म्हणते.

पण मित्रांनो, माझी खरी विनंती दुसरीच आहे. तुमच्या वर्गात कधी कुणाचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळणार नाही. तेव्हा त्याला सगळ्यांसमोर उभं करून, "खोटं तर नाही ना?" असं विचारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि दोघं मिळून पुन्हा मोजा. दीपा मॅडम त्यासाठी पुण्यापर्यंत गेल्या. जमनीच्या शेजारचा स्टूल त्याहून कितीतरी जवळ होता.